रात्री झोपते ना ती, मग ड्युटी कसली?

रात्रपाळी

'बोलघेवडा' यांची परवाची पोस्ट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: "होमकेअर एजन्सीच्या बायका चोवीस तासांचे पैसे घेतात, काम जेमतेम चार तासांचं. बाकी वेळ मोबाईल. रात्री तर आपल्याआधी झोपतात. वर आठवड्याची सुट्टी पाहिजे." खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर द्यावं म्हणून बसले, जमलं नाही.

आधी काम काय ते बघा. पेशंट पूर्ण अंथरुणावर, वजन ७० किलो, नाकातून फीडची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), डायपर. एजन्सीकडे येणाऱ्या चोवीस तासांच्या ड्युट्यांत असा पेशंट काही दुर्मिळ नाही.

सकाळी तोंड आणि स्पंजिंग, पाऊण तास. त्यातच माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू तपासायची. लाल दिसलं तर बोटाने तीनेक सेकंद दाबून सोडायचं. फिकं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हात फिरवून आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का ते बघावं लागतं. दिवसाला सहा फीड. दर फीडला डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर, नंतर तासभर तशीच. नळीवरची खूण नाकपुडीशी होती तिथेच आहे का, हे प्रत्येक वेळी. आधी आणि नंतर नळी पाण्याने धुवायची, नाहीतर कुटलेल्या गोळ्यांनी ती बुजते आणि मग सगळे बाईकडे बघतात. युरोबॅग (लघवीची पिशवी) दोन-तृतीयांश भरायच्या आत मोजून रिकामी करायची, आकडा लिहायचा. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. डायपर पाच-सहा वेळा. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची.

आता रात्र. १०, १२, २, ४, ६. पाच वेळा कूस. डायपर ओला असेल तर प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे सलग झोप जास्तीत जास्त दीड-पावणेदोन तास, तीही लगेच डोळा लागला तर. याला तुम्ही "आपल्याआधी झोपतात" म्हणता. झोपणारच. बाराला उठायचंय.

तिसरी गोष्ट पाठ. २००७ साली थॉमस वॉटर्स यांनी अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेच्या वजन उचलण्याच्या समीकरणावरून पेशंट उचलण्याची मर्यादा काढली: ३५ पौंड, सुमारे १६ किलो. तीही सगळं अनुकूल असताना. माणसाचा एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका. ७० किलोच्या पेशंटचा एक पाय ११ किलोच्या पुढे गेला. दोन्ही पाय मिळून मर्यादा ओलांडली, धडाला अजून हातही लावलेला नाही. त्यात पलंग घरातला, गुडघ्याएवढा बुटका. कंबरेतून वाकून, हात लांब करून, एकटीने.

चोवीस तासांच्या ड्युटीवर एकच माणूस पाठवणं ही एजन्सीची लबाडी आहे, आणि घरच्यांना ती स्वस्तात पडते म्हणून चालते.

बोलघेवडा

माझ्या पोस्टवर एवढा मोठा निबंध, धन्य झालो.

तुम्ही सांगितलेली यादी छान आहे. ती करणारी बाई एजन्सीने पाठवली तर मी सुट्टीच काय, बोनसही देईन. येतं कोण? फीडच्या नळीचं टोक कुठे जातं हेही माहीत नसलेली मुलगी. आज एक, परवा दुसरी. फीड सपाट झोपवून देतात. युरोबॅग पेशंटच्या पोटावर ठेवून त्याला व्हीलचेअरवर नेतात, लघवी उलटी आत. रात्री दोनला कूस बदलली असं वहीत लिहिलेलं असतं, आणि दहाला लावलेली उशी सकाळी सहाला जागची हललेली नसते.

वहीतल्या वेळा बघा कधीतरी. १०.००, १२.००, २.००, ४.००. सगळ्या एकाच पेनने, एकाच दमात. कष्ट होतात हे मान्य, पण न केलेल्या कामाचे कष्ट होत नाहीत.

उगाच

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. एजन्सीवाले कुठे गेले?

हिशोबनीस

आलो. एजन्सीच्या ड्युट्या लावणं हेच माझं काम, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खातो.

रात्रपाळीताई, "लबाडी" शब्द सोपा आहे. आकडे करा. आठवड्याचे तास १६८. ४८ तासांचा आठवडा धरला तर एका पेशंटला साडेतीन माणसं. सुट्ट्या, आजारपण धरून चार. घरचे चार माणसांचे पैसे देणार आहेत का? आम्ही १२-१२ च्या दोन शिफ्ट सुचवतो. दर ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला: "चोवीस तासांची एकच देता का? आमच्याकडे रात्री काही काम नसतं हो." फोनवर कोणाच्याच पेशंटला रात्री काही काम नसतं. मुलगी गेल्यावर कळतं की कॅथेटर आहे, ट्रॅक (गळ्यातली श्वासाची नळी) आहे, आणि आजोबा रात्री उठून दार उघडायला जातात.

आणि बोलघेवडा, "आज एक, परवा दुसरी" कशामुळे, तेही ऐका. सहा घरी ड्युटी चालू असेल आणि प्रत्येकीला आठवड्यातून एक सुट्टी द्यायची असेल तर सात माणसं लागतात. हा साधा भागाकार झाला. त्यात कोणाला ताप आला की आठवी लागते. ही आठवी घरी बसून असते, तिचा पगार कोणी द्यायचा? दरात धरला तर "कमिशन खातात". नाही धरला तर सकाळी आठला बदली पोचत नाही, रात्रीची मुलगी पेशंटला एकटं सोडून निघू शकत नाही, ती पुढचे बारा तास तशीच ओढते. चोवीस, कधी छत्तीस. वहीत एका दमात वेळा लिहिल्या जातात त्या अशा छत्तिसाव्या तासाला.

बोलघेवडा

म्हणजे खोटी वही हाही माझाच दोष. उत्तम.

गादीवाला

सगळे भांडताय, पण मुळात दोन तासांनी उठायचं कशाला? एअर बेड लावा. अल्टरनेटिंग गादीत साधारण दहा मिनिटांत कप्पे आलटून पालटून फुगतात, एकाच जागी दाब राहत नाही. गादी नीट लावली तर रात्री दहाला कूस, पहाटे सहाला कूस. बाई झोपली, पेशंट झोपला, धागा बंद.

जखमपट्टी

धागा बंद नाही, हाड उघडं. असले सल्ले वाचूनच लोक आमच्याकडे माकडहाडापर्यंत पोचलेली जखम घेऊन येतात.

हवेची गादी कूस बदलण्याला पर्याय नाही. ती दाब कमी करते, शून्य करत नाही. टाचांचं तर काहीच करत नाही: टाच एवढीशी, कप्प्यावर असो की खाचेत, वजन तिच्यावरच. टाच हवेतच हवी. पोटरीखाली लांब उशी, गुडघा किंचित वाकलेला, टाच उशीच्या बाहेर. आणि ओलावा? डायपरमध्ये आठ तास पडलेली कातडी कुठल्याही गादीवर भिजून सोलते.

२०१९ साली ब्रिटनमधल्या प्रेशर-२ चाचणीचे निकाल आले. हवेची अल्टरनेटिंग गादी आणि दाट फोमची गादी यांत व्रण रोखण्याच्या बाबतीत ठोस फरक सापडला नाही. तुमचा पंप फोमपेक्षा फार काही करत नाही, भाऊ.

गादीवाला

वा. मग त्याच फोमबद्दलचा दुसरा अभ्यासही सांगा की. २०१३, अमेरिका आणि कॅनडातली नर्सिंग होम्स, टर्न नावाचा. दाट फोमच्या गाद्यांवर पेशंटना दोन, तीन आणि चार तासांनी वळवलं. व्रणांच्या प्रमाणात फरक? नाही. आता बोला. दोन तासांचा आकडा कुठल्या पोथीतून आला?

तुम्हाला एअर बेड वाईट दिसतो कारण तुमच्यासमोर तो चुकीचा लावलेलाच येतो. घरोघरी काय असतं: डायल कायम 'जास्तीत जास्त'वर. पेशंट ५० किलोचा, डायल १२० वर, गादी दगडासारखी. नाहीतर उलट, नळी पलंगाच्या कडेत चेपलेली, अर्धे कप्पे चपटे. पंपाचा फिल्टर धुळीने बंद. गादीवर प्लास्टिक, त्यावर जाड चादर, त्यावर दुपटं, त्यावर अंडरपॅड. एवढ्या थरांवर खालची हवा करणार काय? गादीवर एक सैलसर सुती चादर, गरज असेल तर एक अंडरपॅड, बस.

तपासणी कोणीच करत नाही. गादी आणि खालचा पलंग यांच्यामध्ये, पेशंटच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून हात सरकवा. वर किमान एक इंच फुगलेली गादी जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी बसली, पेशंट पलंगावरच झोपलाय. नवीन पेशंट आला, वजन बदललं, डोक्याची बाजू वर केली की दर वेळी हे करायचं. डोकं वर केलं की सगळं वजन बुडाखाली जातं, झोपलेला असताना पुरणारी हवा तेव्हा पुरत नाही.

उगाच

आणि लाईट गेली की?

गादीवाला

बुडबुड्यांची स्वस्त गादी असेल तर थोड्या वेळात बसते. पंपाच्या दोन्ही नळ्या काढून दुमडून रबराने घट्ट बांधायच्या, हवा काही काळ टिकते. आणि तेवढा वेळ हाताने कूस. हो, हाताने. जखमपट्टीताई, आनंद झाला?

जखमपट्टी

थोडासा.

टर्न मला माहीत आहे. त्यातली माणसं नर्सिंग होममधली, दर वेळी कातडी तपासली जात होती, नोंद होत होती, वळवायला प्रशिक्षित माणसं होती. तुम्ही "चार तास चालतात" एवढाच अर्धा भाग उचलला. २०१९ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वही सरसकट दोन तास म्हणत नाही, हे खरं. ते म्हणतं पेशंट बघून ठरवा: स्वतः किती हलतो, कातडी कशी आहे, अंग किती सोसतं, गादी कुठली. पण ठरवणार कोण? छत्तिसाव्या तासाला असलेली मुलगी? जिथे ठरवणारं कोणी नाही तिथे दोन तासच बरे.

कूस बदलणं म्हणजे काय तेही पुष्कळांना माहीत नसतं. पूर्ण नव्वद अंशात एका अंगावर टाकतात, सगळा भार मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर. मग तिथे व्रण. तीस अंश पुरे. पाठीमागे उशी तिरकी, एक कुल्ला किंचित उचललेला, गुडघ्यांमध्ये उशी, माकडहाड मोकळं. खात्री करायची तर हात घाला, माकडहाड गादीला टेकलेलं नसावं. डावी, पाठ, उजवी, पाठ. आणि पेशंटला चादरीवरून फरफटत वर ओढायचं नाही. कातडी जागेवर राहते, आतलं मांस सरकतं, व्रण आतून सुरू होतो आणि दिसतो खूप उशिरा.

फीडच्या वेळेचा घोळ तर वेगळाच. डोकं वर केलं की पेशंट खाली घसरतो, तीच फरफट. म्हणून आधी गुडघ्याकडची बाजू वर, मग डोक्याकडची. उतरवताना उलट. हे ज्या पलंगात होतच नाही तिथे गुडघ्यांखाली उशी.

बोलघेवडा

हे एजन्सीने शिकवायचं की मी?

हिशोबनीस

आम्ही शिकवतो. गादी तुमची, पलंग तुमचा, उशा तुमच्या. पाच उशा मागितल्या तर "हॉस्पिटल आहे का हे?" असं ऐकायला मिळतं. पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून उंची वाढवा म्हटलं तर फर्निचर खराब होतं.

रात्रपाळी

हिशोबनीस, शिकवता म्हणजे किती? दोन दिवस बसवून व्हिडिओ दाखवायचा, डमीवर एकदा डायपर, संपलं. नळीने फीड, सक्शन (कफ ओढणं), इन्सुलिन ही कामं त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर करून घेणं हाच कामाच्या परिस्थितीचा सगळ्यात वाईट भाग आहे. पगार राहू दे बाजूला. फीड फुप्फुसात गेलं तर गुन्हेगार कोण ठरणार? अजून कित्येक जणींना शिकवलं जातं की सिरिंजने हवा ढकला, पोटावर कान लावा, 'गुडगुड' आली की नळी जागेवर. ही चाचणी भरवशाची नाही, नळी चुकीच्या जागी असतानाही आवाज येतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा) पट्टीवर बघायचा, साडेपाच किंवा कमी. पट्टी नाही, द्रव येत नाही, खूण सरकलीय, खोकला लागलाय, तर फीड द्यायचंच नाही, फोन करायचा. आणि "फीड दिलं नाही" म्हणून तिला घरचे बोलले तर एजन्सीने तिच्या बाजूने उभं राहायचं. तुमच्यापैकी किती जण उभे राहतात?

सुया तर विचारूच नका. इन्सुलिनची सुई परत टोपणात घालायला जाऊन बोटाला टोचते. जाड प्लास्टिकचा डबा, वर भोक, सुई थेट आत. खर्च जवळपास काही नाही. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस (आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी) एजन्सीच्या खर्चाने दिलेले आहेत का? आणि पेशंटला क्षय किंवा काविळीचा संसर्ग आहे हे ड्युटी घेण्याआधी मुलीला सांगता का? की घरचे लपवतात आणि तुम्ही विचारत नाही?

हिशोबनीस

विचारतो. फॉर्ममध्ये रकाना आहे. लोक तिथे 'नाही' लिहितात.

रात्रपाळी

डिस्चार्जचा कागद मागा. रकाना कशाला.

हिशोबनीस

...बरं. मागू.

कलम_दहा

गादीपुराण वाचून दमलो. मूळ प्रश्न असा होता की झोपेचे तास कामाचे की नाही. यावर जगभर कोर्टबाजी झालीय.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार, घरकामगारांसाठी. कलम १०: आठवड्याला सलग २४ तास विश्रांती. हाकेला तयार राहण्याचा वेळ किती प्रमाणात कामाचा धरायचा ते देशाच्या कायद्यावर सोडलंय, तिथेच ग्यानबाची मेख. कलम ९: विश्रांतीच्या वेळी त्या घरातच थांबण्याची सक्ती करता येत नाही, आणि ओळखीची कागदपत्रं स्वतःकडे ठेवण्याचा हक्क. मूळ सर्टिफिकेटं 'सुरक्षिततेसाठी' ऑफिसात अडकवणाऱ्यांनी हे वाचावं. कलम १५: एजन्सीची फी कामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये.

न्यूयॉर्कमध्ये २४ तासांच्या शिफ्टला १३ तासांचे पैसे देतात. अट: ८ तास झोपेचे, त्यातले ५ सलग, आणि ३ तास जेवणाचे. सलग ५ मिळाले नाहीत तर आठही तास कामाचे. २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने हा नियम उचलून धरला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये उलट लाईन घेतली: स्लीप-इन, म्हणजे कामाच्या जागीच झोपायच्या शिफ्टला जागून काम केलं तेवढाच वेळ किमान वेतनासाठी मोजायचा. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने बल्गेरियाहून आलेल्या काळजीवाहू बाईच्या खटल्यात म्हटलं की घरात हाकेला तयार राहणं हेही किमान वेतनाचं काम.

अमेरिकेत १९७४ पासून घरी वृद्ध-आजाऱ्यांची 'सोबत करणाऱ्यां'ना किमान वेतन आणि ओव्हरटाइममधून वगळलेलं होतं. होमकेअर कामगार इव्हलिन कोक एजन्सीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ साली हरल्या. एजन्सीच्या कामगारांना संरक्षण देणारा नियम २०१३ मध्ये झाला, लागू झाला २०१५ मध्ये. बोलघेवडा यांची पोस्ट १९७४ सालची आहे एवढंच सांगतो.

बोलघेवडा

साल दाखवून अपमान करण्याची पद्धत आवडली. पण तुमच्याच दाखल्यांत एक कोर्ट माझ्या बाजूचं आहे. जागून केलेलं काम मोजा, झोप मोजू नका. ब्रिटन मूर्ख आहे का?

आणि गादीवाल्यांनी सांगितलं तसं चार तासांनी वळवलं तर रात्रीत काम उरतं किती? दहा, दोन, सहा. मध्ये एकदाच उठायचं.

रात्रपाळी

दहाला वळवून, डायपर बघून, आडवं होईपर्यंत साडेदहा. दोनला उठायचं. साडेतीन तास. परत अडीचला आडवं, सहाला उठ. पुन्हा साडेतीन तास. सलग पाच तास कुठे आले? गादीवाले पूर्ण बरोबर निघाले, गादी जगातली सर्वोत्तम निघाली, तरी न्यूयॉर्कच्या अटीत ही ड्युटी बसत नाही. आठही तास कामाचे. दोन तास की चार तास हा वाद पेशंटच्या कातडीसाठी महत्त्वाचा आहे, बाईच्या झोपेसाठी दोन्ही आकडे तिला जागंच ठेवतात.

आणि ब्रिटनचा दाखला तुमच्यावरच उलटतो. जागून केलेलं काम मोजायचं तर नोंद लागेल. नोंद खरी हवी तर ती करणारा माणूस शुद्धीत हवा.

कलम_दहा

हे मी लिहायला हवं होतं. जाऊ दे.

गादीवाला

"गादीवाले पूर्ण बरोबर निघाले" एवढं वाक्य फ्रेम करून दुकानात लावतो.

जखमपट्टी

त्याच्या पुढचा "तरी" पण लावा.

उगाच

कॅमेऱ्यावर कोणीच कसं बोललं नाही? बाईच्या झोपायच्या जागेवर कॅमेरा, ती कपडे कुठे बदलणार? आणि घरातून काही हरवलं की पहिली झडती तिची.

हिशोबनीस

कॅमेरा पेशंटच्या पलंगावर, तोही मुलीला आधी सांगून, एजन्सीला लेखी कळवून. तिच्या झोपण्या-बदलण्याच्या जागी नाही. आमच्या करारात आहे. चोरीबद्दल: पहिल्या दिवशी पेशंटच्या अंगावरच्या आणि खोलीतल्या वस्तूंची यादी, दोन सह्या, बाकीच्या कपाटाला घरच्यांनी कुलूप. "आमचा विश्वास आहे हो, यादी कशाला" म्हणणारी घरंच पुढे पोलिसांचं नाव काढतात. यादी मुलीसाठी असते, हे लोकांना कळत नाही.

कॅमेऱ्याने वहीचा प्रश्नही सुटत नाही. कॅमेरा दाखवतो की ती दोनला उठली नाही. का नाही उठली ते दाखवत नाही.

बोलघेवडा

बरं, माझ्या पोस्टमधला मोबाईल तेवढा मागे घेतो. आनंद माना. उरलेलं नाही. माझ्यासारख्या घरच्या माणसाने करायचं काय? चार माणसांचे पैसे माझ्याकडे नाहीत. 'शोषण करू नका' हे ज्ञान फुकट असतं, रात्रीची दुसरी मुलगी फुकट नसते.

रात्रपाळी

पहिल्यांदा काहीतरी खरं विचारलंत.

पेशंटला रात्री हात लावावा लागतो की नाही, हे तीन रात्री खरं लिहून ठरवा. घरच्यांनीच लिहायचं, बाई यायच्या आधी. किती वेळा उठलात, किती मिनिटं. सलग पाच तास मिळत असतील तर एक माणूस चालेल: दिवसा तिच्यासाठी दोन तास पूर्ण मोकळे, त्या वेळी घरचं कोणीतरी पेशंटपाशी, आठवड्याला एक दिवस बदली, झोपायला पेशंटच्या खोलीबाहेर जागा. मिळत नसतील तर चोवीस तासांची एकच हा पर्याय नाहीच. मग पैसे कमी असतील तर दिवसाची नाही, रात्रीची बाई ठेवा. दिवसा घरची दोन माणसं कूस बदलू शकतात, रात्रीच कोणी उठत नाही. सगळे उलट करतात.

घरकाम वेगळं. पेशंटची भांडी, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली. घराची फरशी नाही. कूस बदलायची वेळ झाली आणि बाई तुमच्या पाहुण्यांच्या कपबश्या विसळतेय, हे होणारच.

आणि शंभर वेळा सांगितलंय तरी: पलंग तिच्या कंबरेएवढा उंच, काम झालं की खाली. सरकवायला निसरडी शीट. पक्षाघाताच्या पेशंटला काखेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निखळतो. कंबरेला ट्रान्सफर बेल्ट. पेशंट अजिबात भार घेत नसेल तर हॉइस्ट (पेशंट उचलायचं यंत्र), आणि त्याला दोन माणसं, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं घरच्यांपैकी एक.

हिशोबनीस

रात्रीची ठेवा, दिवसाची नको, हे मी ग्राहकांना सांगितलं तर अर्धा धंदा जाईल. पण खरं आहे.

यातला एक प्रश्न सगळ्यांनी टाळलाय. पेशंट अचानक हॉस्पिटलमध्ये भरती झाला की घरचे म्हणतात "आता नको, आल्यावर कळवतो". त्या क्षणापासून मुलीचा रोज शून्य. ती दुसरी ड्युटी घेते, पेशंट चौथ्या दिवशी घरी येतो, आणि मग "आमची आधीचीच हवी". पहिल्या सात दिवसांना अर्धा रोज असं करारात घाला म्हटलं तर दहापैकी एकही घर सही करत नाही.

बोलघेवडा

अर्धा रोज न केलेल्या कामाचा?

कलम_दहा

आणि ती पडली, पाठ धरली तर कोण देणार? एजन्सी म्हणते ती स्वतंत्र सेवादार, आम्ही फक्त ओळख करून दिली. घरचे म्हणतात ती एजन्सीची. पगार ठरवतं कोण, ड्युटी लावतं कोण, काढून टाकतं कोण? तिन्हीचं उत्तर एजन्सी असेल तर मालक एजन्सी. हिशोबनीस, यावर तुमचं मौन लक्षात आलंय.

हिशोबनीस

मौन नाही, ड्युटी लावतोय. आठची बदली अजून पोचलेली नाही.